अल्सर भरला, पण जंतू गेला का?

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे वडील ५४ वर्षांचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. कंबरदुखीसाठी कित्येक वर्षं डायक्लोफिनॅक घेतात, बहुतेक दिवस एक, हंगामात दोन. तीन वर्षांपासून पोटात जळजळ, काही खाल्लं की बरं वाटायचं, म्हणून घरात सगळ्यांनी ‘पित्त’ म्हणून सोडून दिलं. गेल्या महिन्यात तीन दिवस काळी शी झाली आणि चौथ्या दिवशी पहाटे मार्केटमध्येच चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन ७.४, दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर दिसला आणि रिपोर्टवर ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’, म्हणजे जठरात या नावाचा जंतू आहे, असं आलं. चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स दिला होता, पण तोंड कडू झालं, जुलाब लागले आणि पोटही शांत होतं, म्हणून नवव्या दिवशी त्यांनी अँटिबायोटिक बंद केली. आत्या म्हणते हे तिखटानं आणि काळजीनं झालंय, जंतूबिंतू काही नसतं. ताईंचे प्रश्न असे: जंतू खरंच कारण आहे का, अर्ध्यावर सोडलेल्या कोर्सचं आता काय करायचं, पुढे कॅन्सर होईल का, आणि घरातल्या सगळ्यांची, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाचीसुद्धा, तपासणी करायची का.

ताई, मी ठाण्यात अठ्ठावीस वर्षं पोटविकारांचे रुग्ण बघतोय. ट्रान्सहार्बर लोकलनं ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याहून येणाऱ्या माणसांत तुमच्या बाबांसारखी कहाणी मी इतक्यांदा ऐकली आहे की उत्तर जरा सविस्तरच देतो.

सगळ्यात आधी, आज काय करायचं ते. उरलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या आता पुन्हा सुरू करू नका. मध्ये खंड पडल्यावर उरलेली पाकिटं संपवून कोर्स पूर्ण होत नाही. उलट जे जंतू नऊ दिवसांच्या माऱ्यातून वाचले असतील, त्यांना त्याच औषधाची ओळख पक्की होते. आम्ल कमी करणारी गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल किंवा जी दिली असेल ती, मात्र एक दिवसही चुकवू नका. ती अँटिबायोटिकबरोबर बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करून सुरू करा. आणि डायक्लोफिनॅक घरातून काढून टाका. कपाटात, पिशवीत, मार्केटमधल्या डब्यात असेल तिथून सगळीकडून.

आता आत्यांच्या म्हणण्याकडे येतो. त्यांना चूक म्हणताना मला जड जातं, कारण त्या जे म्हणतात तेच आम्हाला आमच्या गुरूंनी शिकवलं होतं. मी निवासी डॉक्टर होतो तेव्हा, १९९०च्या सुमारास, अल्सर म्हणजे आम्ल, आम्ल म्हणजे काळजी आणि तिखट, असंच समीकरण होतं. गोळ्यांनी आम्ल दाबायचं, पुन्हा व्रण झाला की पुन्हा दाबायचं, आणि वारंवार झालं की पोट उघडून आम्लाला हुकूम देणारी नस कापायची. त्या ऑपरेशनांत मी स्वतः हात धुऊन उभा राहिलोय. आज त्यातल्या बहुतेक रुग्णांना दोन आठवड्यांच्या गोळ्या पुरल्या असत्या. हे आठवलं की अजून मनाला लागतं, कारण उत्तर तेव्हा जगात सापडलेलं होतं, फक्त आमच्या वॉर्डापर्यंत पोचलं नव्हतं.

ते सापडलं ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात. रॉबिन वॉरेन हे पॅथॉलॉजिस्ट जठराच्या तुकड्यांत १९७९पासून वाकडे, स्क्रूसारखे जंतू बघत होते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसत होता, कारण दोन दिवसांत काही दिसलं नाही की प्लेट टाकून द्यायची पद्धत होती. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा चुकून जास्त दिवस राहिल्या आणि जंतू उगवला. तो सावकाश वाढणारा आहे एवढंच अडलेलं होतं. लोक तरी ऐकेनात, तेव्हा १९८४मध्ये मार्शलनं तो जंतू स्वतः प्यायला. काही दिवसांत त्याला मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आलेली दुर्बिणीत दिसली. इथे एक दुरुस्ती करतो, कारण ही गोष्ट सांगताना बरेच जण ‘त्याला अल्सर झाला’ असं म्हणतात. अल्सर नाही, सूज आली होती. निरोगी जठराला हा जंतू आजारी करतो, एवढं त्यातून सिद्ध झालं. अल्सर जंतू मारल्यावर परत होत नाही, हे नंतरच्या रुग्णांवरच्या अभ्यासांनी दाखवलं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

जठरातल्या आम्लात कुठलाही जंतू जगणार नाही असं सगळ्यांना वाटायचं, आणि तसं वाटणं साहजिक होतं. हा मात्र जगतो, कारण त्याच्याकडे युरिएझ नावाचं विकर (एन्झाइम) आहे. जठरातल्या युरियाचं तो अमोनियात रूपांतर करतो आणि स्वतःभोवती आम्ल मारणारं कवच तयार करतो. जेमतेम मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाएवढा जीव, मागे शेपट्या, त्यांच्या जोरावर जठराच्या चिकट थरात घुसून आतल्या अस्तराला चिकटून बसतो. बाबांची दुर्बिणीची तपासणी करताना एक छोटा तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये टाकला असेल आणि ते गुलाबी झालं असेल. ती चाचणी म्हणजे हाच अमोनिया पकडणं. रक्तस्राव चालू असताना ही चाचणी कधी कधी खोटी निगेटिव्ह येते, पण पॉझिटिव्ह आली तर तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग जंतू जठरात आणि जखम आतड्यात, हे कसं? बाबांसारख्या रुग्णांत जंतू मुख्यतः जठराच्या खालच्या भागात सूज आणतो. त्या भागात आम्लाला ‘आता पुरे’ सांगणारा एक संप्रेरक तयार होतो, सोमॅटोस्टॅटिन. सुजेमुळे तो कमी पडतो, आम्लाला चिथावणारं गॅस्ट्रिन वाढतं, आणि वरचा भाग जरुरीपेक्षा जास्त आम्ल ओततो. ते खाली आतड्याच्या सुरुवातीच्या नाजूक भिंतीवर पडतं आणि तिथे खड्डा पडतो. जेवल्यावर अन्न आम्लाला शोषून घेतं म्हणून बरं वाटतं, आणि दोन-तीन तासांनी पोट रिकामं झालं की पुन्हा जळतं. बाबांचं ‘खाल्लं की बरं’ हे तीन वर्षं आजाराची खूण म्हणून समोर होतं. त्याला पित्त म्हटलं गेलं यात तुमचा दोष नाही. आपल्याकडे पित्त हा शब्द इतका मोठा आहे की त्यात डोकेदुखीपासून अल्सरपर्यंत सगळं मावतं.

तिखटानं जळतं, हे खरं. पण आधीच असलेल्या जखमेवर ते झोंबतं, जखम ते करत नाही. ज्या रोजच्या काळजीबद्दल आत्या बोलताहेत तिचंही तेच. भाजलेल्या किंवा अतिदक्षता विभागात असलेल्या माणसाला शरीरावरच्या प्रचंड ताणानं व्रण होतात, पण ती गोष्ट वेगळी.

बाबांच्या बाबतीत दुसरा गुन्हेगार मात्र नक्की आहे, तो म्हणजे डायक्लोफिनॅक. जठर आणि आतडं स्वतःला आम्लापासून वाचवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतं. त्यानं चिकट थर राहतो आणि अस्तराला रक्त पुरतं. वेदनाशामक गोळी सांध्यातली सूज कमी करताना हे संरक्षणही बंद करते. ती जेवल्यावर घेतली तरी, इंजेक्शननं घेतली तरी, कारण ती रक्तातून काम करते. जंतू आणि अशी गोळी एकत्र आली की रक्तस्रावाचा धोका नुसता बेरजेनं नाही, कित्येक पटींनी वाढतो. शिवाय गोळी दुखणंही दाबते, त्यामुळे कित्येकांना पोटात काहीच जाणवत नाही आणि पहिली खूण थेट काळी शी असते.

माथाडी भावांना मला इथे वेगळं काही सांगायचं आहे. पन्नास किलोची गोण रात्रभर पाठीवरून उतरवणाऱ्या माणसाला ‘गोळी घेऊ नका’ एवढंच सांगणं म्हणजे त्याच्या कंबरेकडे पाठ फिरवणं. म्हणून बाबांच्या डॉक्टरांशी याची वेगळी चर्चा करा. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत, लावायचं मलम, फिजिओथेरपी, काही महिने हलकं काम मिळतं का ते बघणं. जंतू गेल्याचं सिद्ध झाल्यावरही वेदनाशामक लागलंच, तर जठराला तुलनेनं कमी त्रास देणारं सेलेकॉक्सिबसारखं औषध, सोबत रोज आम्लरोधक गोळी, तेही मूत्रपिंड आणि हृदय तपासून. दुकानातून स्वतःहून मात्र नाही. आणि हे वाचणाऱ्या ज्यांना हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू आहे, त्यांनी ती भीतीपोटी स्वतःच्या मनानं बंद करू नये. तिच्यामुळे जीव वाचत असतो. डॉक्टर ती पोटाच्या संरक्षणासह चालू ठेवू शकतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पोट शांत झालं ते आम्ल कमी झालं म्हणून. जंतू मेल्याचा तो पुरावा नाही. आम्लरोधक गोळ्यांनी व्रण भरतोच, जंतू असला तरी भरतो. पण जंतू राहिला आणि गोळ्या थांबल्या, तर निम्म्याहून जास्त लोकांना वर्षभरात पुन्हा व्रण होतो. जंतू गेला तर हे क्वचितच घडतं.

वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात काम करणारे गृहस्थ माझ्याकडे आले होते. चार वर्षांत दोनदा रक्तस्राव झालेला. पहिल्या वेळी जंतू सापडला, एका आठवड्याचा कोर्स दिला, बरं वाटलं आणि फाइल बंद झाली. जंतू गेला का, हे कुणीच तपासलं नाही. दुसऱ्या वेळी ते बेशुद्धावस्थेत आले, व्रण आतड्याच्या मागच्या भिंतीवर होता. तिथून एक मोठी धमनी जाते आणि व्रण तिच्यापर्यंत पोचला की रक्त थांबवणं कठीण होतं. ते वाचले, पण अगदी थोडक्यात. पहिला कोर्स लिहिणारा डॉक्टर मीच असतो तर? प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही कोर्स संपल्यावरची चाचणी सगळ्यांना सांगत नव्हतो, ‘त्रास झाला तर या’ म्हणायचो. ती चूक होती. तेव्हापासून माझ्या चिठ्ठीवर पुढच्या चाचणीची तारीख लिहिल्याशिवाय मी ती रुग्णाच्या हातात देत नाही.

बाबांची चाचणी कधी करायची हे मोजून ठेवावं लागेल, कारण घाई केली तर ती खोटी निगेटिव्ह येते. शेवटच्या अँटिबायोटिकनंतर किमान चार आठवडे जायला हवेत. बिस्मथ दिलं असेल तर त्यालाही हाच नियम. आणि आम्लरोधक गोळी किमान दोन आठवडे बंद हवी, कारण तिच्यामुळे जंतू मरत नाहीत पण दबून बसतात. पण बाबांचा व्रण नुकताच वाहिला आहे, म्हणून ती गोळी आज बंद करणं धोक्याचं. साधारण आठ आठवडे ती पूर्ण द्यायची, व्रण भरू द्यायचा, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन आठवडे थांबवायची. त्या काळात जळजळ झाली तर फॅमोटिडीन किंवा पातळ अँटासिडवर भागवता येतं. मग चाचणी. श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातल्या जंतूच्या अंशाची चाचणी, दोन्ही चांगल्या आहेत. श्वासाची चाचणी सगळ्या लॅबमध्ये नसते, शौचाची सोपी पडते. रक्तातली अँटिबॉडीची चाचणी करू नका. जंतू गेल्यावरही ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर ती देऊच शकत नाही.

चाचणी निगेटिव्ह आली तर नऊ दिवसांत काम झालं असं समजू, तसं होऊ शकतं. पॉझिटिव्ह आली तर दुसरा कोर्स, आणि तो वेगळा हवा. तोंड कडू झालं म्हणता, त्यावरून पहिल्या कोर्समध्ये बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन असावं, किंवा मेट्रोनिडॅझोल. कागदावर नक्की काय ते बघा. क्लॅरिथ्रोमायसिन एकदा वापरून जंतू राहिला तर ते पुन्हा द्यायचं नाही, कारण तो त्याला बहुधा सरावलेला असतो. आपल्याकडे मेट्रोनिडॅझोल आणि लिव्होफ्लॉक्सॅसिनलाही बरेच जंतू दाद देत नाहीत. जुलाबासाठी, दातासाठी, सर्दी-खोकल्यासाठी वर्षानुवर्षं मनानं घेतलेल्या अँटिबायोटिकची ही किंमत आहे.

अशा वेळी माझा भरवसा चार औषधांच्या चौदा दिवसांच्या कोर्सवर असतो: आम्लरोधक दिवसातून दोनदा, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल. मेट्रोनिडॅझोलला जंतू थोडा निर्ढावलेला असला तरी पूर्ण मात्रेत, बिस्मथच्या जोडीनं, पूर्ण दिवस दिलं तर ते बहुतेकांत काम करतं. टेट्रासायक्लिन कधी कधी दोन-तीन दुकानं हिंडल्यावर मिळतं. ‘हे नाही, डॉक्सीसायक्लिन घ्या, तेच आहे’ असं कुणी म्हणालं तर घेऊ नका, या जंतूसाठी ते तेवढं चालत नाही. डॉक्टरांना फोन करा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर कोर्स लिहिण्याआधीच सांगा, कारण या जंतूवर देतात त्यातल्या काही औषधांचं त्यांच्याशी जमत नाही. मेट्रोनिडॅझोल चालू असताना आणि नंतरचे तीन दिवस दारूचा थेंबही नको.

दिवसाला गोळ्यांची मूठभर संख्या, तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव, मळमळ, पातळ शौच. हा कोर्स सोपा नाही, आणि बाबांनी तो सोडला याचं मला आश्चर्य वाटत नाही. त्यांना कुणी आधी सांगितलं होतं का, हा खरा प्रश्न आहे. मी दहा मिनिटं खर्च करून सांगतो: असं होणार आहे, ते धोक्याचं नाही, चौदाव्या दिवशी थांबणार आहे. गोळ्या जेवणाबरोबर घ्या, फक्त आम्लरोधक अर्धा तास आधी. दही-ताक चालेल, पण टेट्रासायक्लिन आणि दूध-दही यांत दोन तासांचं अंतर ठेवा. जुलाब दिवसात पाच-सहापेक्षा जास्त झाले, रक्त पडलं किंवा अंगावर पुरळ आलं तर थांबून फोन करा. बाकी त्रास सोसण्यासारखा असतो. बाबांची पाळी रात्रीची असेल तर सकाळ-संध्याकाळच्या वेळा त्यांच्या झोपेप्रमाणे लावून घ्या. घड्याळ त्यांचं वापरायचं, आपलं नाही.

बिस्मथनं शी काळी होते, लोहाच्या गोळ्यांनीही होते. बाबांना लोह चालू असणारच, म्हणून हा फरक घरात सगळ्यांना माहीत हवा. औषधाची काळी शी घट्ट, बांधलेली असते. रक्ताची काळी शी डांबरासारखी चकचकीत, चिकट असते, पाणी टाकलं तरी सहज जात नाही, आणि तिला एक वेगळाच घाण वास येतो. पन्नास-शंभर मिली रक्त गेलं तरी शी अशी होऊ शकते. ती दिसली, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधार आला, किंवा अचानक सुरी खुपसल्यासारखं दुखून पोट लाकडासारखं कडक झालं, तर रात्रीचे कितीही वाजले असोत, ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या. पोट कडक होणं म्हणजे व्रण फुटलेला असू शकतो, तिथे तास मोजले जातात.

कॅन्सरबद्दल. हा प्रश्न विचारताना तुमचा हात थबकला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४मध्ये या जंतूला कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या यादीत घातलं, हे खरं आहे. पण हा जंतू असलेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. दहा-पंधरा टक्क्यांना व्रण होतो, आणि जठराचा कॅन्सर शंभरात एक-दोघांना, तोही बहुतेक दशकांनंतर. बाबांचा व्रण जठरात नाही, आतड्याच्या सुरुवातीला आहे. तिथला व्रण कॅन्सर असणं अत्यंत दुर्मीळ, आणि ज्यांना तिथे व्रण होतो त्यांना जठराचा कॅन्सर होण्याची शक्यता जंतू असलेल्या इतरांपेक्षा उलट कमी असते. व्रण जठरात असता तर मी तुकडा तपासल्याशिवाय आणि तो भरल्याचं पुन्हा दुर्बिणीतून बघितल्याशिवाय सोडलं नसतं. बाबांच्या रिपोर्टवर ‘ड्युओडेनल’, म्हणजे आतड्याच्या सुरुवातीचा, असं लिहिलंय ना, एवढं एकदा डोळ्यांखालून घाला.

घरच्यांचं बघू. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच मिळतो, घरातल्या माणसांकडून, तोंडातून किंवा अस्वच्छ पाण्यातून. बाबांना तो गावी, लहानपणीच लागला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मोठेपणी नव्यानं लागणं कमी, आणि कोर्सनंतर पुन्हा लागणंही कमी. आई आणि भाऊ यांना पोटाच्या तक्रारी असतील, कारण न कळणारी लोहाची कमतरता असेल, किंवा घराण्यात कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल, तर चाचणी जरूर करा आणि जंतू सापडला तर उपचार घ्या. तक्रार नसली तरी एकाच घरातल्या मोठ्यांनी चाचणी करून घ्यायला माझी हरकत नाही. पण सहा वर्षांच्या मुलाची करू नका. त्याला त्रास नसताना जंतू सापडला तर एवढ्या अँटिबायोटिकचा भार त्याच्यावर टाकण्यात फायदा नाही. त्याच्यासाठी हात धुणं, उकळलेलं किंवा गाळलेलं पाणी आणि एक साधी गोष्ट: घास चावून मऊ करून त्याला भरवू नका, त्याचा चमचा तोंडात घालून गरम आहे का बघू नका. आपल्याकडे हे मायेनं करतात, मला ठाऊक आहे.

जेवण नेहमीचं चालेल. भाकरी, आमटी, भात, ज्यानं झोंबतं ते काही आठवडे कमी. तासातासाला थंड दूध देऊ नका, घोटभर बरं वाटतं आणि नंतर आम्ल उलट वाढतं. बिडी असेल तर ती बंद, धुरानं व्रण भरायला वेळ लागतो. हिमोग्लोबिन दर महिन्याला तपासा, आणि अकराच्या वर जाईपर्यंत गोण उचलायला पाठवू नका.

डिस्चार्जचा कागद, दुर्बिणीचा रिपोर्ट आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन तारखा लिहा: बाबांनी शेवटची अँटिबायोटिक घेतली ती, आणि आम्लरोधक गोळीचे आठ आठवडे पूर्ण होतात ती. दुसऱ्या तारखेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांची वेळ घ्या आणि गेल्या गेल्या विचारा, ‘जंतू गेला का, ते बघायची चाचणी कधी करायची?’